कापलेल्या अठ्ठावीस ओळी

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, आणि जुना म्हणवून घ्यायची मला अजिबात लाज वाटत नाही. स्टार्टर टेम्प्लेट म्हणतात मला. मोबाइलचं अ‍ॅप बनवायचं म्हटलं की लॉगिन, मेनू, माहिती साठवणं हे सगळं आधी लिहावं लागतं. ते आयतं तयार म्हणजे मी. मला घ्या, रंग बदला, आपल्या कामाचं तेवढं वर बांधा. तीन महिन्यांचं काम तीन आठवड्यांत!

मला घडवलं ताईने. तिसऱ्या मजल्यावर, न लागणाऱ्या खिडकीशेजारी बसायची ती. पाचव्यांदा तेच लॉगिन लिहिताना तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आता एकदाच काय ते नीट लिहिते." माझ्या पोटात तिने अठ्ठावीस ओळी जपून घातल्या. नेट गेलं तर भरलेली नोंद फोनमध्येच धरून ठेवायची आणि नेट आलं की पाठवायची, एवढंच त्यांचं काम.

माझ्यावर वाचनालयाचं अ‍ॅप उभं राहिलं, बसच्या वेळांचं राहिलं, गुरांच्या दवाखान्याचं तर नऊ दिवसांत! तेव्हा केक कापला, फोटो काढले. माझं नाव कुणी घेतलं नाही. नसेना का.

मग नवे प्रमुख आले. घरोघरी जाणाऱ्या नर्सबाईंसाठी अ‍ॅप हवं होतं. त्यांनी मला उघडलं आणि नाक मुरडलं. "हे काय पाल्हाळ? नेट जातंय कुठे आजकाल?" हे बोलताना ते वायफायच्या डबीखालीच बसले होते! त्यांनी माझी प्रत घेतली आणि तिच्यातल्या त्या अठ्ठावीस ओळी कापल्या. अ‍ॅप हलकं झालं म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

अ‍ॅप वापरात आलं आणि दुसऱ्याच आठवड्यात एक नर्सबाई तळघरातल्या खोलीत एका आजोबांना इन्सुलिन देऊन आल्या. नोंद भरली, पण तळघरात नेट नव्हतं, आणि नोंद हवेत विरली. नर्सबाईंच्या कचेरीला वाटलं, आजोबांचं औषध राहून गेलं. तासाभरात दुसऱ्या नर्सबाई पाठवल्या. त्यांनी फोन पाहिला, नोंदीची जागा कोरी होती. त्यांनी सुई भरली. पुन्हा तेवढंच औषध गेलं असतं तर आजोबांची साखर उतरून जीवावर बेतलं असतं.

"अहो, थांबा थांबा!" सून हातातलं टाकून धावली. "आत्ताच तर टोचून गेल्या त्या! मामंजींना आठवत नाही, पण मी होते ना इथे!"

दुसऱ्या दिवशी सुई भरणाऱ्या त्या नर्सबाई आमच्या कचेरीत येऊन उभ्या राहिल्या. प्रमुखांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "टेम्प्लेटच जुनाट आहे. फेकून देऊ आजच." नाचता येईना, अंगण वाकडं!

ताईने मला आणि त्यांच्या अ‍ॅपला शेजारी शेजारी उघडलं. "टेम्प्लेटमध्ये हे होतं. तुम्ही काढलंत."

"मग कशासाठी आहे ते लिहायचं ना! मला काय स्वप्न पडणार होतं?"

ताईने त्या ओळी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिल्या. खरंच तिने लिहिलं नव्हतं. मला राग आला, पण तेवढं मला नाकारता येत नाही.

"तुमचं चालू द्या," नर्सबाई म्हणाल्या. "पण सुई माझ्या हातात होती. सूनबाई बाजारात गेली असती तर?"

प्रमुखांनी कीबोर्ड पुढे ओढला. ओळी परत आल्या. मला कुणी फेकलं नाही, आणि मी माफीही मागितली नाही. का मागू?

मित्रांनो, मला बदला, मोडा, माझ्याहून चांगला साचा बनवा. मी आडवा येणार नाही. पण न कळलेलं ते निरुपयोगी, असं माझ्यासमोर म्हणू नका. त्या अठ्ठावीस ओळींच्या डोक्यावर ताईने आता लिहून ठेवलंय, "इथे कात्री लावण्याआधी तळघरातल्या आजोबांना भेटून या." जा, खुशाल कापा. पण आधी त्यांना भेटून या.