उर्झेइरावर एकही खूर दिसता कामा नये

बाबा नगराध्यक्ष झाले ते कुणाच्या मतांनी नव्हे. त्या काळी मतं मागायची पद्धतच नव्हती. जिल्ह्याच्या गव्हर्नरानं एका सकाळी बोलावून घेतलं, भिंतीवर लावायला देशाच्या हुकूमशहाची एक तसबीर दिली आणि म्हणाला, "बेल्मिरो, आजपासून तालुका तुझा."

आई म्हणाली, "तालुका तुमचा, आणि तुम्ही त्यांचे."

तालुका मात्र कुणाचाच नव्हता. बाबांनी डुकरं रस्त्यावर सोडायला बंदी केली, तर दुसऱ्या दिवशी चौकात इतकी डुकरं की पाद्रीबाबांना देवळात शिरायला वाट मिळेना. पाण्याच्या हौदावर धुणं धुवू नका म्हटलं, तर जन्मात पाणी न पाहिलेल्या गोधड्या बाहेर निघाल्या. कोबीच्या सुपात काळा पाव बुडवत बाबा म्हणायचे, "ह्यांना उद्या 'मरू नका' म्हटलं ना, तर अंगणात शवपेट्या मांडून आडवे होतील."

माझं सासर फ्रागालला, बाबांच्याच मूळ गावी, उर्झेइरा डोंगराच्या पायथ्याशी. नवरा ब्राझीलला गेलेला. मी, कडेवरची लीडिया आणि बाबांनी लग्नात दिलेल्या शेळ्या. माझं दूध पुरत नसे, पोर शेळीच्या दुधावर वाढत होती. आणि शेळ्या उर्झेइरावर. तो डोंगर कुणा एकाचा नाही, सगळ्या गावांचा. घराघरानं पाळी लावून गावाचा कळप वर न्यायचा, अशी रीत.

त्या वसंतात बातमी आली की वनखात्याला डोंगर हवा. तारेचं कुंपण घालून पाइनची झाडं लावायची. राजधानीतून इंजिनियर येणार, आणि डोंगर कुणी वापरत नाही असं त्यानं लिहून दिलं की संपलं. गव्हर्नराचा बाबांना हुकूम आला: इंजिनियर येईल त्या दिवशी उर्झेइरावर एकही खूर दिसता कामा नये.

रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर बाबांचा जाहीरनामा वाचून दाखवला. हुकूम होता, त्याहून बाबांनी तो कडक केला होता. 'गुरुवारी जो कोणी डोंगरावर जनावर नेईल त्याला दंड होईल. फ्रागालच्या लोकांना हे दोनदा सांगावं लागतं, म्हणून दोनदा वाचावं.'

पाद्रीबाबांनी दोनदा वाचलं. मग फिर्मिनामावशी, गावातली सगळ्यात म्हातारी, मोठ्यानं म्हणाली, "ह्याचं ढुंगण मी धुतलंय. आता हा मला दंड करणार?"

मी लीडियाला घेऊन तशीच तालुक्याला गेले. बाबा कचेरीत त्या तसबिरीखाली बसले होते.

"बाबा, तुमची नात काय खाणार? पाइनची पानं?"

त्यांनी लीडियाला मांडीवर घेतलं. तिनं त्यांची मिशी धरली. ते सोडवून घेत नव्हते.

"जाहीरनामा ऐकलास ना, पोरी? गुरुवारी शेळ्या गोठ्यात ठेव."

"ठेवणार नाही."

"दंड होईल."

"होऊ दे! सगळ्या गावासमोर घ्या माझ्याकडून!"

"आवाज चढवू नकोस, पोर घाबरते," एवढंच ते म्हणाले. लीडिया तर हसत होती. मी तिला हिसकावून घेतलं आणि दार आपटून निघाले. वाटभर रडले. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून तो डोंगर दाखवला, त्यानंच तो विकला होता.

एरवी डोंगरावर पाळीचा एकच कळप असतो. एवढ्या पसाऱ्यात तो कुठल्यातरी खोलगटात दडलेला. गाडीतून पाहणाऱ्याला डोंगर ओसाडच वाटावा. गुरुवारी सकाळी मी लीडियाला पाठीशी बांधून, शेळ्या हाकत वर आले, आणि पाय जागीच थांबले. फ्रागालचं घरन् घर वर आलं होतं. पलीकडच्या सोंडेवरून दुसऱ्या गावांच्या मेंढ्या उतरत होत्या. लांब शिंगांच्या तांबूस गाई, गळ्यात घंटा. कुणी कोंबड्यासुद्धा टोपलीतून आणलेल्या. गावाचा वळू, जो कुणा एकाचा नाही म्हणून सगळ्यांच्या लाडाचा, तो वाटेच्या मधोमध उभा. जांभळ्या झुडपांतून सगळा डोंगर हलत होता.

इंजिनियरची गाडी त्या वळूपाशी थांबली ती थांबलीच. भोंगा वाजवला, वळूनं कान हलवला. मागच्या दारातून बाबा उतरले.

"साहेब, माफ करा," बाबा हॅट काढून म्हणाले. "मी सक्त मनाई केली होती. देवळात दोनदा वाचून घेतलं. विचारा पाद्रीबाबांना."

इंजिनियर घाम पुसत म्हणाला, "ही माणसं रोज येतात इथं?"

"रोज!" फिर्मिनामावशी काठी आपटत पुढे झाली. "माझी आजी होती तेव्हाही यायची. तुझं कुंपण कुठं घालणार, लेका? वळूच्या पोटाखालून?"

सगळा डोंगर हसला. इंजिनियरनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. डोळे होते त्याला, आणि खोटं लिहायचं तर हजार साक्षीदार समोर उभे. "हा डोंगर वापरात आहे," तो शेवटी म्हणाला. "पुरेपूर वापरात आहे." गाडी उलटी फिरायलाही शेळ्यांनी जागा दिली नाही, बरीच वाट ती मागं मागंच गेली.

बाबा गाडीत बसले नव्हते. हॅट हातात घेऊन उभे होते. फिर्मिनामावशी त्यांच्याकडे रोखून बघत राहिली.

"बेल्मिरो, डुकराला पुढं न्यायचं असेल तर काय करायचं, हे तुला कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच, मावशी. शेपूट मागं ओढायचं."

"मेल्या! आम्हाला डुकरं म्हणतोस?" म्हणाली आणि त्यांच्या तोंडाचे मटामटा मुके घेतले. मी त्यांच्याकडे नुसती पाठ केली, आणि बाबांनी गाठ सोडून लीडियाला हातात घेतलं. तिनं मिशी शोधलीच.

कुंपण आलं नाही. बाबांची खुर्ची मात्र गेली, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. तसबीर परत देऊन ते माझ्याकडे फ्रागालला राहायला आले, आई शिव्या देत देत मागोमाग.

त्यानंतरच्या रविवारी गावाच्या सभेची घंटा वाजली. घरागणिक एक माणूस चेस्टनटच्या झाडाखाली गोल करून उभा राहिला. बाबा गोलाच्या बाहेर, भिंतीला टेकून. खुर्चीवर होते तेव्हा तिथंच उभं राहायची त्यांना सवय लागली होती.

"अहो अध्यक्ष," फिर्मिनामावशी ओरडली, "तिकडं काय डोकी मोजताय? आत या. उद्या कळपाची पाळी तुमची. आणि सांगून ठेवते, नीट राखू नका!"

आयुष्यात पहिल्यांदा फ्रागालनं कुणाला तरी निवडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा काठी घेऊन निघाले, खांद्यावर लीडिया. मागं सगळ्या गावाच्या कळपाच्या घंटा.