गुरुवारची रात्र

"वहिनी, खुर्चीवरून उठताना पडद्याला कुलूप लावा. पासवर्ड देवालासुद्धा सांगू नका," संगणकावर लिनक्स ही प्रणाली शिकवताना दीर मला बजावायचा.

तो वारला आणि त्याच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. दिवेलागणीला कळफलकाला कुणाचा हात न लागता पडद्यावर काळी खिडकी उघडायची, अक्षरं उमटायची: 'मी इथंच आहे.' बायका हुंदके द्यायच्या.

"आत्मा विजेवर स्वार झालाय!" सांत्वनाला म्हणून येऊ लागलेला बुवा गर्जायचा. "दाराला कुलूप असल्यावर घरधनी आत कसा येणार?" हे त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, म्हणून दिराच्या बायकोनं, माझ्या धाकट्या जावेनं, पासवर्ड त्याच्या हवाली केला होता.

मग एकदा उमटलं: 'गोळ्या सोड. बुवांचं पाणी घे.' जावेनं फिटच्या गोळ्या सोडल्या. शेगडीपाशी फिट आली, कोपरापर्यंत हात भाजला. बुवा म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

गुरुवारी भर दुपारी बुवाचं निरूपण रंगलं असताना जावेची मुलगी, माझी पुतणी, उठली. घड्याळ आपोआप जागेवर येऊ नये म्हणून तिनं इंटरनेटची तार उपटली आणि संगणकाचं घड्याळ शुक्रवारच्या दिवेलागणीवर नेलं.

खिडकी उघडली: 'गुरुवारच्या रात्री तू रडलीस. मी पाहिलं.'

मी हळूच म्हटलं, "बुवा, गुरुवारची रात्र अजून व्हायचीय."

"पोरीनं आत्म्याला चिडवलं!"

"आत्मा नाही हो, गजर आहे," पुतणी म्हणाली. "ठरल्या वेळी ठरलेलं काम यंत्र आपोआप करतं. फायलींची नक्कल ठेवायला बाबा हेच वापरायचे. पासवर्ड मिळाल्यावर तुम्ही यात निरोप भरून ठेवलेत."

बुवा पिशवी उचलून निघाला. चार जणी त्याच्यामागे गेल्या. एक जाता जाता म्हणाली, "पोटच्या पोरीनं बापाला हाकललं गं!"

माझं व्रत, माझा जप रोज चालतो. तो सुटणार नाही. पण बायांनो, देवाचं किंवा मेलेल्याचं नाव घेऊन कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी त्याला प्रश्न विचारा. मग पाया पडायचं की नाही ते ठरवा.

जाऊ पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे ताई, हे खरंच गेले?"

मी तिच्या भाजलेल्या हाताला मलम लावायला घेतलं.

ती म्हणाली, "सकाळी डॉक्टरांकडे याल माझ्याबरोबर?"

"येते."

सकाळी जप अर्ध्यावर आला होता. माळ डबीत ठेवली, चपला घातल्या आणि तिच्या दाराकडे निघाले.