उभ्या आज्याची रेघ

लग्न होऊन पाच महिने झाले तरी सासरी मी पाहुणीच होते. म्हणजे राबायला सून आणि चुलीपुढं पाहुणी. शेण, धुणं, खुरपणी सगळं माझ्याकडं. पण भाकरी थापायला बसले की सासूबाई, सोजरबाई, परातच ओढून घ्यायच्या. "तुजी रेघ न्हाय अजून," म्हणायच्या.

रेघ म्हणजे काय ते सांगते. सासरचं गाव भीमेकाठचं, करमाळा तालुक्यातलं. गावामागं टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर दीड पुरुष उंचीचा एक दगड उभा. त्याला म्हणायचे उभा आजा. नवी सून आली की तिनं आज्याला पाठ लावून उभं राहायचं, सासूनं तिच्या डोक्याबरोबर विळ्याच्या टोकानं रेघ ओढायची आणि रेघेत कुंकू भरायचं. मग ती घरची. त्याआधी चुलीला हात नाही. प्रत्येक घराची आज्यावर आपापली जागा आणि कुठली रेघ कुणाची हे बायकांना तोंडपाठ.

आमच्या वेळी, म्हणजे एकोणऐंशी साली, घोटाळा एवढाच झाला की उजनीचं पाणी आलं. गाव उठून माळावर गेलं, टेकडीचं बेट झालं आणि आजा तिकडं एकटा राहिला. त्याआधी पुण्याचे एक प्राध्यापक येऊन त्याचं माप घेऊन गेले होते. हा दगड माणसांनी तीन हजार वर्षांपूर्वी उभा केलाय, लिहिणं-वाचणं यायच्याही आधी, असं ते म्हणाले. सासूबाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. "मग लई सुना बगितल्या असतील की त्यानं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात टेकडीही बुडणार असं धरणाचे साहेब सांगत होते, त्याची मात्र त्यांनी धास्ती घेतली.

मी वैरागची, बाजारपेठेत वाढलेली. मला हे सगळं खुळचट वाटायचं. एकदा मालकांना म्हटलंसुद्धा, घराच्या भिंतीवर ओढा की रेघ. श्रीमंत त्यांचं नाव. आता या वयात घेतलं म्हणून काही बिघडत नाही. ते आईपुढं तोंड उघडणाऱ्यातले नव्हते. "आईला इचार," म्हणाले आणि बैलांकडं गेले.

दिवाळीनंतर पाणी शांत झालं तेव्हा सासूबाईंनी गावातल्या सिदूला गाठलं. सिदूकडं होडी नव्हती, गूळ करायची भलीमोठी काहील होती. तो तिच्यातूनच माणसं पोचवायचा. काहील गोल, तिला पुढं-मागं नाही. वल्हं मारलं की ती आधी गिरकी घेते, मग मनात आलं तर पुढं सरकते. मी कड धरून डोळे मिटले. सासूबाई विळा आणि कुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन, बाजाराला निघाल्यासारख्या मधोमध बसल्या होत्या.

"डोळं उगड, वच्छे. आपलं गाव हाय खाली," म्हणाल्या. मी बघितलं तर नुसतं पाणी.

सिदू काहिलीपाशी थांबला, आम्ही दोघी वर गेलो. आज्यावर खरंच रेघाच रेघा होत्या. मी पाठ लावली. डोक्याशी विळा करकरला, थोडं कुंकू मानेवर सांडलं. "झालीस घरची," सासूबाई म्हणाल्या. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण खोटं कशाला बोलू, आलं नाही.

वळून बघितलं. आमच्या जागेत बुजलेल्या जुन्या रेघा होत्या आणि माझ्या रेघेजवळ एकच ठसठशीत.

"ही तुमची का, आत्या?"

"न्हाय. ती सोनाबाईची. थोरलीची."

सासूबाई दुसरेपणावर आल्या होत्या हे मला माहीत होतं. थोरली लग्नानंतर दोन वर्षांतच वारली होती.

"मग तुमची कुटं हाय?"

"माज्या सासूनं वढलीच न्हाय. म्हनली, ह्या लेकाची रेघ एकदा झाली, परत कशाला? तवापास्नं चूल पेटवते की मी, पन दुसरीची पेटवावी तशी. तीस वरसं. तुजं तसं हू नये म्हून..." सासूबाई विळ्याचं टोक पदरानं पुसत राहिल्या.

मला इतका राग आला. त्या कधी न पाहिलेल्या आजेसासूचा, आणि ह्या बाईला पाच महिने खुळी समजणाऱ्या माझासुद्धा. मी त्यांच्या हातातून विळा काढून घेतला.

"उभ्या ऱ्हावा."

"येडी का काय तू? सासूनं वढायची असती."

"आता सासू कुटनं आनू? ऱ्हावा उभ्या."

त्या पदर सारखा करून उभ्या राहिल्या. पाठ टेकल्यावर त्यांचं डोकं सोनाबाईच्या रेघेच्या बोटभर खाली आलं. मान न वळवता त्यांनी हात मागं नेऊन ती रेघ चाचपली. मी विळा लावणार, एवढ्यात लुगड्याच्या काठाखाली त्यांच्या टाचा हळूच वर उचलल्या गेल्या.

मला ते दिसलं. डोकं पोचलं होतं तिथंच, थोरलीच्या वर, रेघ ओढली, चांगली खोल.