सातवा दिवस, रविवार

टण्ण! भर दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण वाजलं आणि दयाच्या हातातली चाळणी थांबली.

“कृपे, हात काढ त्यातून.”

फडताळाआडून आधी दोन वेण्या दिसल्या, मग गुळाच्या भुग्यानं माखलेली हनुवटी. पाच वर्षांची पोर चोरी करायला बसली तरी प्रार्थनेला बसल्यासारखं तोंड करायची.

“मी नुसता वास घेतला,” ती म्हणाली.

वास घेताना गाल फुगतात हे दयाला नव्यानंच कळलं. रागवायचं ठरवून ती जवळ गेली आणि पदरानं हनुवटी पुसून परत आली.

डबा नमुन्याचा होता. बहात्तर साल कोरडं गेलं आणि सगळं गाव तलावाच्या कामावर माती वाहू लागलं. कामावरच्या पोरांना दुपारी मूठभर सुकडी द्यायची असं सरकारनं ठरवलं. गव्हाचं पीठ तेलात खरपूस भाजायचं, त्यात गूळ आणि दाण्याचं कूट घालायचं, एवढंच. करणार कोण, यासाठी तालुक्याच्या कचेरीनं टेंडर मागवलं. गावातल्या चौदा बायांनी मिळून ते भरलं. मुखत्यार छबूबाई, कारण तिच्यापुढं कुणाचं चालत नसे, आणि लिहिणारी दया, कारण मिशनच्या शाळेत सातवी झालेली ती एकटीच. पाकिटं फुटली तेव्हा बायांचा दर सगळ्यांत कमी निघाला. सगळ्यांच्या कानांनी ऐकलं. एक डबा नमुना म्हणून कचेरीत राहिला, जोडीचा घरी.

पण पाकिटं फुटत असताना बाया व्हरांड्यात उकिडव्या बसल्या होत्या, आणि दुसरे टेंडरवाले भिमाजीशेठ आत साहेबांशेजारी खुर्चीवर बशीतून चहा फुरकत होते. छबूबाईला तेवढं पुरलं.

“दये, इच्यार त्या कारकुनाला. उलटं झालं तर वरडायचं कुठं?”

राधाकृष्ण कारकुनानं पानाचा विडा या गालातून त्या गालात नेला. “अहो बाई, अजून निकालच नाही. लग्नाआधीच सोडचिठ्ठी मागायला आलात का?”

मागचे दोघं-तिघं खो खो हसले. कचेरीत कारकुनाच्या विनोदाला हसणं हे अर्जाला तिकीट लावण्याइतकंच सक्तीचं असतं.

“मग कधी यायचं, भाऊसाहेब?”

“निकाल दर्शनी भागात लागेल. लागल्या दिवसापासून सात दिवसांत लेखी हरकत. लागलेला दिवस धरून. वाचता येतं ना?”

“येतं.”

“मग वाचा.”

दया वाचायला गेली. मंगळवारी गेली, शुक्रवारी गेली. फळ्यावर गेल्या सालची हिवतापाची सूचना होती आणि कोंबड्यांना लस टोचून घ्यावी असा हुकूम होता. दाणा नाही म्हणून कोंबड्या कधीच्या पोटात गेल्या होत्या, पण हुकूम अजून तगून होता.

शनिवारी तलावावर ट्रक आला. भिमाजीशेठची पोती उतरली आणि पोरांच्या ओंजळीत सुकडी पडली. पीठ कच्चं, गूळ नावाला, आणि सगळ्याला भिजल्या गोणपाटाचा वास. कृपानं तोंडात टाकली, आईकडं बघितलं आणि परत ओंजळीत काढली. अन्न टाकायचं नाही, हे तिला दयानंच शिकवलं होतं. पोर ओंजळ तशीच धरून उन्हात उभी राहिली.

“आई, ह्याचं काय करू?”

दयानं ते आपल्या हातात घेतलं. त्यात बारीक पांढरी अळी वळवळत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. महिन्यातल्या एका रविवारी दयाचा नवरा योहान बायको-पोरीला घेऊन तालुक्याच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला जाई. उपासना सुटली, एस.टी.ला अवकाश होता. तो तिकिटाच्या रांगेत थांबला आणि दया पोरीला घेऊन कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली बसली. कचेरी बंद, दाराला कुलूप.

“आई, दाराला कागद हाय.”

“कोणत्या?”

“त्याच की. मोठ्या.”

दया पायऱ्या चढली. सुकडीचा ठेका भिमाजीशेठला. खाली सही, शिक्का आणि तारीख. तारीख गेल्या सोमवारची होती. म्हणजे मंगळवारी हा कागद इथंच होता. शुक्रवारीही इथंच होता. मग दिसला कसा नाही? तिनं दाराकडं बघितलं, बाजूच्या भिंतीकडं बघितलं, भिंतीतल्या कडीकडं बघितलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कचेरी उघडली की शिपाई दाराच्या दोन्ही फळ्या बाहेर ओढून भिंतीला टेकवायचा आणि कडीत अडकवायचा. कागद भिंतीकडं तोंड करून बसायचा. कचेरी बंद झाली की पुन्हा दर्शन द्यायला मोकळा! हरकत घ्यायची ती कचेरी उघडी असताना, आणि वाचायचं ते कुलूप असताना.

सोमवारी पहिल्या गाडीनं दया, छबूबाई आणि कृपा कचेरीत हजर. दयाच्या हातात हरकतीचा अर्ज, पिशवीत नमुन्याचा डबा.

राधाकृष्णानं अर्ज उघडलाही नाही. बोटं दुमडून दिवस मोजले. “काल मुदत संपली. वरातीमागून घोडं आणलंत बाई.”

“काल रविवार होता, भाऊसाहेब. कचेरी बंद होती.”

“कचेरी बंद असते. दिवस बंद नसतात.”

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की शेजारच्या टेबलाला ऐकू जावं म्हणून त्यानं ते पुन्हा म्हटलं.

दया बाहेर गेली. “छबूमावशे, ती फळी तुमी धरा.” दोघींनी कड्या काढल्या आणि दोन्ही फळ्या धाडकन लावून घेतल्या. आत अंधार झाला.

“ए! कोण आहे? दार कुणी लावलं?”

“वाचायला लावलं!” छबूबाई बाहेरून गरजली. “तुमचा दर्शनी भाग बघतोय!”

आणि दयानं मिशनच्या शाळेत वचनं म्हणायची तशा खणखणीत आवाजात निकाल पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचून काढला. आवारातली माणसं गोळा झाली. या खेपेला हसायला कारकुनाची परवानगी कुणी मागितली नाही.

दार ढकलून स्वतः साहेब बाहेर आले. त्यांनी फळी लावून बघितली, उघडून बघितली, डबा हुंगला, पुडीत बांधून आणलेली शेठची सुकडीही हुंगली आणि नाकाला रुमाल लावला. माणूस काही वाईट नव्हता. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

“तुमचं म्हणणं रास्त आहे,” ते म्हणाले. “कागद चुकीच्या जागी लागला. ही तक्रार जरूर नोंदवायला हवी होती.”

“मग नोंदवा की, रावसाहेब.”

“आता कशी नोंदवू? कागद लावण्याबद्दलची तक्रारसुद्धा सात दिवसांतच यायला हवी.” एवढं बोलून ते दुःखी चेहऱ्यानं आत गेले. शिपायानं दोन्ही फळ्या पुन्हा भिंतीला टेकवल्या आणि कडीत अडकवल्या. वर्षभराचा ठेका कागदासकट भिंतीकडं तोंड करून निवांत झाला.

“शिक्के मारून मारून ह्यांच्या अकलेला घट्टे पडल्यात,” छबूबाई म्हणाली आणि एस.टी.ची चौकशी करायला तरातरा निघून गेली. तिला रडताना कुणी बघितलेलं नव्हतं आणि आजही बघू द्यायचं नव्हतं.

दया पायरीवर बसली. उद्या दुपारी तलावावर तीच गोणपाटाच्या वासाची मूठ, आणि तीच ओंजळ. पिशवीतून तिनं डबा काढला. नमुन्याचं आता काय लोणचं घालायचं होतं? झाकण उघडून तिनं डबा पोरीच्या मांडीवर ठेवला.

“खा.”

“सगळा?”

“सगळा.”

कृपानं एक घास घेतला, एक आईच्या तोंडात कोंबला. मग भिंतीला टेकलेल्या फळीकडं बराच वेळ बघत राहिली. बोटं चाटून झाल्यावर तिनं ती एकेक करून दुमडली.

“आई, पहिल्यांदा आलो तर लई लवकर आलो. मंगळवारी आलो तर कागद न्हवता. काल कागद हुता तर मानसं न्हवती. आज मानसं हायेत तर उशीर झाला.” तिच्या हाताचं एकच बोट उभं राहिलं होतं. ते तिनं आईपुढं धरलं.

“मग आपन यायचं कवा हुतं गं?”