तासाला एक माप

आमचे हे गाड्यांचे मिस्त्री. गाडीतलं जुनं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, नळी तोंडात धरून ओढतात. शंभर वेळा सांगितलं, हातपंप घ्या. पण ऐकतील तर शपथ! त्या सकाळी डबा द्यायला गॅरेजमध्ये गेले, तर हे ओठ पुसत हसतायत. "दोन-तीन घोट गेले गं पोटात. गोड लागतं, सरबतासारखं!"

दुपारपर्यंत जीभ जड झाली, पाय लटपटायला लागले. माझ्या काळजात चर्र झालं. नऊ वर्षांपूर्वी दारू सोडलेला माणूस, आणि चाल अगदी तीच! खोटं कशाला बोलू, मनात पाप आलं. तोंडाचा वास घेतला. दारूचा वास नव्हताच. मग तर जास्तच घाबरले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं खोदून विचारलं. "कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं," त्या म्हणाल्या. "यकृतात त्याचं विष होतं आणि किडन्या जातात. उताऱ्याचं इंजेक्शन बाहेरून यायला संध्याकाळ होईल. तोवर यांना दारू पाजायची, तासाला एक माप. यकृत दारूच्या मागे लागतं आणि ग्लायकॉल तसंच लघवीवाटे निघून जातं."

"दारू? यांना?" मी ओरडलेच. "अहो बाई, हे भूत कसं उतरवलंय माझं मला ठाऊक!"

"नाही पाजली तर माणूस जाईल."

नर्सने माप भरून माझ्या हातात दिलं. हे तोंड घट्ट मिटून बसले, डोळ्यांत पाणी. "मरू दे मला. पण परत त्यात ढकलू नकोस गं. मला माझा भरवसा नाही."

तरी मी दरडावलं, "मेलात तर भांडू कुणाशी मी? उघडा तोंड!" आणि ग्लास ओठांना लावला.

पहिल्या मापाला त्यांना उमासे आले. दुसऱ्याला रडले. तिसरं मुकाट घेतलं. चौथ्याला ग्लास स्वतःच धरला, तेव्हा मी मान फिरवली.

संध्याकाळी एकदाचं इंजेक्शन आलं. रक्त तपासून बाई म्हणाल्या, "किडन्या शाबूत आहेत. आता दारू बंद." मी तिथेच मटकन बसले आणि हमसून हमसून रडले. सुटलो, वाटलं.

त्या गेल्यावर यांनी माझा हात धरला. किती प्रेमाने धरला! जवळ ओढून हळूच म्हणाले, "तास झाला गं. त्यांना नको सांगूस."