वहीची मधली पानं

मित्रांनो, मी एक जुनी, पायानं चालणारी शिलाई मशीन आहे आणि स्वभावानं संशयी आहे. पन्नास वर्षं माणसांच्या पायाखाली काढली की असं होतं. माझ्या जातीला चेहरे कळत नाहीत. आम्ही माणूस ओळखतो तो पायावरून आणि आवाजावरून.

मुखेडच्या बाजारातून माझ्या मालकिणीनं, सरजाबाईनं, मला बैलगाडीत घालून घरी आणलं, तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी वेल होती. आता तिची दोनच पानं उरली आहेत. लग्नसराईत मला उसंत नसे. सरजाबाईची मापाची एक वही होती. पुढच्या पानापासून पुरुषांची मापं आणि मागच्या पानापासून बायकांची. मधली पानं कोरी राहत. वह्या बदलल्या, पण ती रीत बदलली नाही.

मग बाजारात तयार कपडे आले. लोकांनी माझं नाव टाकलं आणि घरच्यांनी माझ्यावर गोधड्या रचल्या.

यंदाच्या वैशाखात मात्र एक विचित्र गोष्ट घडू लागली. दुपारी सरजाबाईचा डोळा लागला, की कुणीतरी गोधड्या उतरवून मला चालवू लागलं. पाय अनोळखी होता. चार टाके मारायचा, थांबायचा, पुन्हा चार टाके. चोराचा पाय असाच असतो, असं मला वाटलं.

एके दिवशी सरजाबाईनं वही उघडली आणि तीही चमकली. पुरुषांच्या पानावर एक नवं माप होतं, बिननावाचं. छाती चौतीस, खांदा सोळा. मागं बायकांच्या पानावरही तेच. छाती चौतीस, खांदा सोळा.

शेजारची नीलाबाई तिथंच बसली होती. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या घरात कोणतरी जोडीनं घुसायलंय बगा! नवराबायको दोघं एकाच मापाचे!"

सरजाबाई हसली नाही. नीलाबाई गेल्यावर तिनं हाक मारली, "धम्मदीप, इकडं ये लेकरा."

धम्मदीप तिचा नातू. लातूरला कॉलेजात शिकणारा, सुट्टीला आलेला. तो येऊन माझ्यापाशी उभा राहिला आणि त्याचा पाय सवयीनं माझ्या पायट्यावर टेकला. तोच पाय! मित्रांनो, लहानपणी याच पोराला मांडीवर घेऊन सरजाबाईनं मला चालवलं होतं, आणि मी त्याला चोर ठरवलं होतं.

तेवढ्यात रविकांत, त्याचे वडील, ऑफिसातून आले. सरजाबाईच्या पेटीमागं लपवलेलं अर्धवट शिवलेलं पांढरं ब्लाउज त्यांच्याच हाती लागलं.

"हे कोणाचं हाय?"

"माझं," धम्मदीप म्हणाला. "पौर्णिमेला विहारात घालायचं."

"विहारात? अरे, लोकं काय म्हणतील! पांढरा शर्ट घालून गडीमाणसांत बसायचं असंल तर बस. न्हाई तर सकाळची लातूरची गाडी धर. परत येऊ नको."

"पप्पा, शर्ट नको असं न्हाई. कधी शर्टच बरा वाटतो. कधी साडी नेसावी वाटती. दोन्ही येळेला मीच असतो."

रविकांतनी ब्लाउज माझ्यावर टाकलं आणि ते दाराकडं वळले. मला त्या पावलांचा संशय आला. अशा पावलांनंतर पेटी भरल्याचे आवाज येतात, हे मी या घरात ऐकलेलं आहे.

सरजाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "रविकांत, तुझ्या ताईचा झगा तुला आखूड होईपर्यंत घातला होतास. काढाय गेलं की भोकाड पसरायचास. मशीनला इचार."

मला कुणी विचारलं नाही. पण ते खरं होतं. त्या झग्याला झालर मीच लावली होती.

मग सरजाबाईनं वही बरोबर मध्ये उघडली. कोऱ्या पानावर माप लिहिलं आणि वर नाव घातलं, धम्मदीप. एकाच कापडातून तिनं शर्ट बेतला आणि ते ब्लाउज पुरं केलं. दोन दिवस मी धाप लागेपर्यंत धावले. दोन्ही कपडे माझ्यावरच्या खिळ्याला टांगून ती म्हणाली, "सकाळी उठून जे वाटंल ते घाल."

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी खिळ्यावरून एकच कपडा उतरला. मग साडीची सळसळ दाराकडं गेली. बाहेर रविकांतची गाडी सुरू होती. मी कान टवकारले. आता गाडी एकटीच जाणार, असं मी धरूनच चालले होते.

"बस मागं," रविकांत म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "पदर आवर. चाकात जाईल."

मी संशयी आहे. हे मायेनं म्हटलं, की शेजारी बघत होते म्हणून, याचा विचार मी अजून करते. विहारात कोण कुठं बसलं, हेही मला कुणी सांगितलं नाही. पण पुढच्या सोमवारी धम्मदीप तो शर्ट घालून लातूरला गेला, आणि ब्लाउज सरजाबाईच्या पेटीत नीट घडी घालून ठेवलं गेलं. पुढच्या सुट्टीसाठी.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या मशीनला महिन्यातून एकदा तेल द्या, एवढं मागणं आहेच. आणि अजून एक. होड्या करायला तुम्ही मुलं वहीची मधली पानं फाडता, दोन्ही एकदम निघतात म्हणून. ती फाडू नका. कुणाचं तरी नाव तिथं लिहायचं राहिलेलं असतं.