पिठाची गुळणी

मी एक लहानसा कॅमेरा बोलतोय. जरा अडखळत बोलेन, सांभाळून घ्या. गप्प राहणारा माणूस मिठाची गुळणी धरून बसतो म्हणतात. माझ्या तोंडात जवाचं पीठ आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. जाग आली ती नामचे बाजारात, गेल्जेनच्या दुकानातल्या फळीवर. त्याच्या बहिणीचा, यांगजीचा नवरा उर्केन त्या वसंतात पहिल्यांदाच एका गिर्यारोहक पाहुण्याला घेऊन बर्फाळ शिखराच्या थेट माथ्यावर जाणार होता. आजवर त्यानं नुसती ओझी वाहिली, तीही वरच्या तळापर्यंतच. माथ्यावरचा फोटो दाखवला तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच वाटाड्याचं मोठं काम. म्हणून गेल्जेन तीन कॅमेरे घेऊन त्यांच्या घरी, थामे गावाला आला. तिसरा मी.

यांगजीनं पिसांचे जाडजूड हातमोजे नवऱ्यापुढे टाकले. "घाल."

"इथं? चुलीपाशी?"

"मग काय, वर गेल्यावर शिकणार?"

पहिला कॅमेरा दोन भिंगांचा, वजनदार. तो उचलताना उर्केननं चहाची किटली आडवी केली. गेल्जेन हसून म्हणाला, "दाजी, अस्वलाला सुईत दोरा ओवायला सांगितल्यासारखं दिसतंय." दुसऱ्याच्या पाठीवर नुसती काच होती. मोज्याचं बोट तिच्यावर कितीही फिरवलं तरी ती ढिम्म. माझ्या डोक्यावर मात्र एकच मोठं बटण. दाबलं की भिंगावरची झडप, म्हणजे माझं तोंड, उघडतं, पुन्हा दाबलं की फोटो.

"हाच," यांगजी म्हणाली.

कोपऱ्यात तिचे वडील, छेवांग आबा, जपमाळ ओढत होते. त्यांच्या दोन्ही हातांना मिळून सहा बोटं. एका पाहुण्याचा फोटो काढायला त्यांनी वर मोजा काढला होता. "फोटो झकास आला होता," आबा म्हणाले. "त्याच्या बैठकीत लावलाय म्हणे."

यांगजी उर्केनला म्हणाली, "फोटो नाही आला तरी चालेल. मोजा काढायचा नाही."

त्या क्षणापासून मला भीती बसली. दोरी तुटेल, बर्फ कोसळेल, ही भीती माणसांची. माझी वेगळी. माझ्यापायी याची बोटं थंडीनं झडतील, ही.

निघण्याआधी पूजा झाली. बर्फ फोडायची कुऱ्हाड, बुटांचे खिळे, दोर, सगळं लामांपुढे मांडलं, त्यात मीही. वर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला भाजलेल्या जवाचं पीठ लावायचं, म्हणजे ती माणसाला घेऊन परत येते. यांगजीनं कुऱ्हाडीला चिमूटभर लावलं. मला मूठभर चोळलं, आणि तोंडाच्या कडेला अंगठ्यानं दाबून बसवलं. आशीर्वादाला नको कोण म्हणणार?

सगळी चढण मी उर्केनच्या छातीशी, सदऱ्याच्या आत होतो. त्याचं काळीज धडधडायचं, आणि माझी भीती वाढायची. माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं, पण वारा अंग सोलत होता. पाहुण्याचा फोन गारठून केव्हाच बंद पडला होता. उरलो मी.

उर्केननं बटण दाबलं. माझं तोंड अर्धवट उघडलं, करकरलं आणि अडकलं. पुन्हा दाबलं. तेच.

"मोजा काढ ना. बोटानं ओढ," पाहुणा म्हणाला. "एका मिनिटाचं तर काम."

उर्केननं मोज्याचं टोक दातात धरलं. इतका मी कधीच भ्यालो नव्हतो. मनगट उघडं पडू लागलं. नको रे, असं ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडत नव्हतं, तेच तर दुखणं होतं. कुठं अडकलंय ते बघायला त्यानं मला अगदी डोळ्यांजवळ नेलं. पिठात यांगजीच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता, बर्फासारखा कडक झालेला. तो बघत राहिला. मग त्यानं मोजा पुन्हा वर ओढला आणि मला छातीशी ठेवलं.

"चला, खाली."

"आणि फोटो?"

"नाही मिळणार."

पाहुणा तळापर्यंत त्याला बोलत होता. प्रमाणपत्रही मिळालं नाही.

घरी यांगजीनं माझं तोंड पाहिलं आणि पिठातल्या ठशावर अंगठा टेकवला. "माझ्याच हातानं घात केला मी."

उर्केननं दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. "मोज."

तिनं एकेक बोट चिमटीत धरून मोजलं. दहा झाली. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

कोपऱ्यातून छेवांग आबा म्हणाले, "पीठ चांगलं दळलं होतंस, पोरी."

आता मी चुलीवरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असतो. काल गेल्जेन आला होता. म्हणाला, "द्या, साफ करून आणतो. दाजी पुढच्या वसंतात पुन्हा जातायत ना?" मला परत तीच भीती.

साफ करायचं तर करा बापडे. मागणं एकच आहे. तो निघेल तेव्हा यांगजीला मला पुन्हा पीठ लावू द्या. चिमूटभर नको, मूठभर.